कुणाच्याच नसलेल्या देशात अण्णांसोबत

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, एक बातमी सांगायची होती आणि दोन महिने माझी जीभ रेटत नव्हती. मी आणि मीनल जर्मन नागरिकत्व घेतोय, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करणार. अण्णांची उभी हयात साताऱ्याला भूमापन खात्यात, शेतांच्या हद्दी मोजण्यात गेलेली. अशा माणसाला हे सांगायचं तर वातावरणनिर्मिती नको? म्हणून ते जर्मनीला आमच्याकडे आले असताना मी आमच्या आखन शहराजवळचा एक इतिहासजमा देश शोधून काढला. एक साधं वाक्य टाळण्यासाठी माणसं कुठवर जातात, तर बेल्जियमपर्यंत!

देशाचं नाव न्यूट्रल मोरेस्नेट. एकोणिसाव्या शतकात जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्सचं जमेना, तेव्हा खाणीभोवतीचा त्रिकोणी तुकडा कुणाचाच नाही असं ठरलं आणि तो शंभरेक वर्षं तसाच राहिला. पुढे काही उत्साही मंडळींनी तिथं एस्पेरांतो या बनवलेल्या जागतिक भाषेचं राष्ट्र काढायचा घाट घातला. मान्यता कुणीच दिली नाही.

आखनहून केल्मिसला, म्हणजे त्या तुकड्यातल्या आता बेल्जियममध्ये असलेल्या गावाला, बसने साधारण अर्धा तास. तिकीट पलीकडे चालतं का, ते ड्रायव्हरला आधी विचारा. मी पासपोर्ट, विमा, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, सगळे मूळ कागद आणि वर दोन-दोन झेरॉक्स अशी जाडजूड फाईल छातीशी धरून बसलो होतो. सीमा कधी गेली कळलंही नाही. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

म्युझियम छोटं आहे, तासाभरात होतं. हद्दीचे जुने दगड मात्र रानात आहेत. तिथं चिखल असतो. मी पांढरे बूट घातले होते, म्हणजे बघा. पहिला दगड दिसताच अण्णांनी बैठक मारली आणि किल्लीने शेवाळ खरवडायला लागले. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले.

"ग्रेन्त्सश्टाइन, हद्दीचा दगड बघताय?"

"या, गेनाऊ," मी जर्मनमध्ये 'हो, अगदी' म्हणालो.

त्यांचे पणजोबा इथलेच होते म्हणे, ना प्रशियन ना डच.

"विचारा त्यांना," अण्णा म्हणाले, "मग सातबारा कोण द्यायचं?"

सातबारा जर्मनमध्ये समजावता समजावता मला घाम फुटला. आजोबा हसून पुढे गेले.

अण्णांना दगडाचं चित्र काढायचं होतं. "कागद आहे का?" मी दिमाखात फाईल पुढे केली. सगळ्यात वर मीनलच्या अक्षरातली यादी होती: फोटो काढणे. पासपोर्ट परत करणे. अण्णांना सांगणे (तू!).

अण्णांनी ती वाचली, उलटी केली आणि मागे दगड काढला.

केल्मिसला फ्राइज जरूर खा. मोठा पुडा दोघांना पुरतो. मला एकट्यालाही संपवता आला, कारण अण्णा काहीच खात नव्हते.

घरी चहा झाल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, मोजणीआधी लगतच्या खातेदाराला नोटीस द्यायची असते. माझी नोटीस तुमच्या फाईलमध्येच राहिली."

मी घाईघाईने भाषण सुरू केलं: देश, ओळख, मोरेस्नेट.

"ते राहू द्या. मी आजारी पडलो तर मीनलला यायला व्हिसा लागेल?"

"ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड आलं की नाही लागणार," मी म्हणालो. "पण ते यायला काही महिने जातात. तोवर लागेल."

अण्णा म्हणाले, "बरं. तेवढे महिने मी ठणठणीत राहतो."

मीनल उठून आत गेली. मला स्वतःची लाज वाटली. शंभर वर्षांचा इतिहास पाठ केला आणि या माणसाला काय विचारायचं असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

अण्णा साताऱ्याला परतले. रोज सकाळी फिरून आले की मीनलला त्यांचा मेसेज येतो: "आज ठीक आहे. कार्ड आलं का?"