आबांच्या पायावरची पट्टी

नव्वदच्या दशकात मी सांगलीला रसायनशास्त्रात एम.फिल. करत होते. साखर कारखान्यातून उसाचा चोथा आणायचा, कॉस्टिक सोड्यात शिजवून धुवायचा आणि उरलेल्या पांढऱ्या तंतूंना जंतुनाशक रसायन असं जोडायचं, की धुतलं तरी सुटू नये. हे तंतू मिसळले की स्टार्चचा पातळ पापुद्रासुद्धा सहजी फाटत नसे. काचेच्या ताटलीत त्या पापुद्र्याच्या तुकड्याखाली जंतू वाढत नव्हते. शिराळ्याजवळच्या आमच्या गावी जाऊन मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. दाखवायला तुकडेही नेले होते.

माझे वडील, आबा, लष्करातून निवृत्त झालेले. मधुमेह होता, डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झालेली. एक दिवसाआड शिराळ्याला ड्रेसिंगला जायचे.

"मग ह्ये जखमंवर चालंल का गं?" त्यांनी विचारलं.

"पुढंमागं चालेल की. त्यासाठीच तर करतोय."

परतल्यावर पिशवीत चार तुकडे कमी निघाले. घरीच कुठंतरी पडले असतील म्हणून मी सोडून दिलं.

तीन आठवड्यांनी आईनं कॉलेजात फोन करवला. आबांना ताप भरला होता, सांगलीला आणत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी फडकं सोडलं तेव्हा आत माझा पापुद्रा होता, विरघळून मांसाला चिकटलेला. घाण वास सुटला.

"हे काय लावलंय?"

"माझ्या पोरीनं केल्यालं हाय," आबा तापातही ताठ मानेनं म्हणाले. "जंतू मरत्यात त्येनं." शिराळ्याला जाणं त्यांनी कधीच बंद केलं होतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "माणसावर तपासलंय?"

"नाही."

"मग घरी कशाला नेलंत?"

मिरवायला नेलं होतं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझे मार्गदर्शक म्हणाले, "प्रबंधात यातलं काही येता कामा नये." आलं नाही. परीक्षकांनी कामाचं कौतुक केलं, मी मान खाली घालून आभार मानले.

आई त्यानंतर कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायची. आबा मात्र भेटायला येईल त्याला सांगायचे, "पट्टी लय चांगली व्हती. म्याच लावाय उशीर केला."

एकदा न राहवून मी म्हटलं, "आबा, असं नका सांगू. चूक माझी होती."

"गप गं. एवढी शिकलीस, पर तुला कळत न्हाई."

जाईपर्यंत ते असंच सांगत राहिले. एकदा जरी शिव्या दिल्या असत्या, तर मला माफी तरी मागता आली असती.