भाचीने आधीच सांगितलं

माझी धाकटी भाची शिलाईचं काम करते. हात सुबक, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, आणि दोन कामं एकदम सांगितली की जागच्या जागी थिजते. तिला ऑटिझम आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक; बाहेर मात्र ताकास तूर लागू द्यायची नाही, असा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, दंडक. त्यापायी दोन नोकऱ्या गेल्या. पहिल्या ठिकाणी ती शिष्ट ठरली. दुसऱ्या ठिकाणी मुकादमाने कौतुकाने मागून पाठीवर थाप मारली, तर ही किंचाळली आणि हातातली कात्री त्याच्या पायाजवळ पडली.

पडदे शिवणाऱ्या एका बाईंकडे जागा निघाली, तेव्हा भाचीने ठरवलं, या वेळी आधी सांगायचं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई," बहीण म्हणाली.

"मूठ झाकून सुई कशी धरू?"

मला हसू फुटलं. भाची हसली नाही. तिने खरंच विचारलं होतं. बहिणीने मला सोबत धाडलं, वर ताकीद दिली, "वेळ पडली तर सावरून घे."

आम्ही गेलो तेव्हा मालकीणबाई तोंडात टाचण्या धरून पडद्याला चुण्या घालत होत्या. रेडिओ मोठ्याने चालू होता.

"मला ऑटिझम आहे," भाची उभ्यानेच म्हणाली. "काम येतं. एका वेळी एकच सांगा, मागून हात लावू नका. आणि गिऱ्हाइकांचे फोन मी घेणार नाही."

बाईंनी टाचण्या काढल्या आणि मला विचारलं, "हिला झेपेल का हो? चिडते वगैरे का?"

मी तोंड उघडणार, तोच भाची म्हणाली, "मावशी, तू बाहेर बस. तू असलीस की त्या तुलाच विचारणार."

मी मुकाट्याने बाहेर बाकावर जाऊन बसले. दार उघडंच होतं.

"चिडते," आतून भाचीचा आवाज आला. "न सांगता काही बदललं की."

"मी तर सांगून बदललं तरी चिडते," बाई म्हणाल्या. "पण फोन इथे सगळ्याच जणी घेतात."

"मग मला ठेवू नका. मी घेतला तर तुमचं गिऱ्हाईक जाईल."

मग रेडिओ बंद झाला.

"हा पडदा शिवून दाखव."

मशीन सुरू झालं. ते थांबल्यावर थोड्या वेळाने भाची बाहेर आली. "महिनाभर बघणार आहेत. फोन त्याच घेतील."

घरी बहीण दारातच उभी होती. "सगळं सांगितलंस?"

"सगळं. मागे लपवण्यातच दमून जायचे, कामाला जीव उरायचा नाही."

"आणि महिन्याने नको म्हणाल्या तर?"

भाची चपला जागेवर ठेवत म्हणाली, "तर पुढच्या ठिकाणी सांगेन."