गोदाजीचा ताईत

माझ्या मेहुण्याने मला फसवलं, तेही माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन. पेणला रंगाचं दुकान मी शून्यातून उभं केलंय. हमरापूरचे मूर्तिकार माझ्याशी घासाघीस करून दमतात. पण या माणसाइतका चिवट प्राणी मी पाहिलेला नाही.

दुकानात नुकताच टेलिफोन बसला होता, तेव्हाची गोष्ट. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तो सुट्टीला यायचा आणि आम्हा नवराबायकोला खेळायला बसवायचा. बोटीवरच्या मित्राने दिलेला वीस बाजूंचा फासा, एक वही आणि अखंड चालणारं तोंड, एवढंच भांडवल. गोष्ट तो सांगणार, आपण त्यातलं एकेक माणूस व्हायचं, अडलं की फासा टाकायचा. मी गोदाजी, घोड्यांचा व्यापारी; बायको एक चोरटी पोर. प्रत्येकाची शाडूची बोटभर मूर्ती तो स्वतः वळायचा. मेलेल्याचं बादलीत विसर्जन, तेही आरतीसकट.

एकदा पुलावर राक्षसाने दोघांवरही वार केले. पोर पडली ती उठून चालू लागली. कशी, ते मेहुण्याने सांगितलं नाही. माझ्या फाशावर एक पडला. गोदाजी खलास.

मी उसळलो. "एक हात घे, जीव ठेव."

"नाय दाजी."

"बरं, हात आणि वर घोडा!"

"हे काय दुकान हाय? मेला तो मेला."

मी तोंड फिरवून बसलो. तेव्हा त्याने बादलीतला गाळ उपसून पुन्हा गोदाजी वळला. "मागचं खेळता येतं, दाजी. पुलाच्या आदल्या दिवशीचं. यात तुम्ही मरणार नाय. पण पुलावर घडलं ते बदलणार पण नाय."

मला वाट दिसली. आदल्या दिवशीच्या बाजारात गोदाजीने ताईत घेतला, एका वारातून हमखास वाचवणारा, निम्म्या भावात. "आता बोल!" मी गरजलो.

पोह्याचा पापड मोडत तो म्हणाला, "पुलावर तुमच्या गळ्यात ताईत नव्हता. म्हंजे कोणाला तरी दिलात. कोणाला?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"पोरीला," माझ्या तोंडून गेलं.

"कितीला?"

"...फुकट."

बायको उठली आणि न मागता चहा घेऊन आली.

आता मेहुणा आखातात असतो. पत्राच्या शेवटी 'गोदाजींना नमस्कार' लिहितो, माझं नावही नाही. गोदाजी गल्ल्याशेजारी उभा आहे. मी भाव ताणला की बायको आतून म्हणते, "गोदाजीने सोडलं असतं." आणि मी सोडतो! हमरापूरवाले गालात हसतात.

मेहुण्या, सुट्टी काढून ये, समोर बस आणि सांग: मला न विचारता गोदाजीने तो ताईत दिलाच कसा?