तेराव्याच्या पंगतीत गॅसचा वास

हसलात तरी माझी हरकत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये यावर अजून कुणी हसलेलं नाही, निदान तुम्ही तरी हसा.

मेकॅनिकल इंजिनिअर होऊन मी दोन वर्षं जुळे सोलापुरात घरी बसून होतो. जिन्यात कुणी भेटलं की "अजून काही नाही का?" असं विचारायचं आणि मी चप्पल शोधल्यासारखं करायचो. मग सिलिंडर भरायच्या प्लँटवर ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलो. आईने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. "ऑइल अँड गॅसमध्ये लागला," असं सांगायची. ऐकायला बरं वाटतं ना ते.

दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. घरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एक भयंकर घाण वासाचं द्रव मिसळतात. आमच्याकडे ते काम हिप्परगी मामा करतात, जुने ऑपरेटर.

"सायेब, तुमी लांब थांबा की," ते म्हणाले.

लांब थांबून शिकणार काय? मी वाकून बघायला गेलो आणि पँटवर थेंब उडाला. एकच.

"आता ही पँट हितंच सोडा. घरला नेऊ नका."

मग घरी जाऊ कसा? दुसरी पँट नव्हती. साबणाने खसाखसा धुतली. तासाभरात वास जाऊन जाऊन पार गेला. म्हणजे मला यायचा बंद झाला. नाक सरावतं हो, आणि ते मला सुचलं नाही.

पहिली पाळी संपवून अडीचच्या सुमारास घरी पोचलो, तर तळमजल्यावरच्या देशपांडे काकूंचं तेरावं. पार्किंगमध्ये पंगत बसलेली, मागे आचाऱ्याच्या शेगड्या. काका भिंतीला टेकून बसले होते. काकू हार्ट अ‍ॅटॅकने गेल्या, कुणाला काही कळायच्या आत. मी नमस्कार करून वाढायला पुढे झालो, तोच काकांची बहीण, कुसुमआत्या, जेवता जेवता थांबली.

"गॅसचा वास येतोय का रे?"

मला काहीही येत नव्हतं. पण सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. ऑइल अँड गॅसमधल्या माणसाने वास येत नाही म्हणायचं?

"येतोय," मी म्हणालो. "बराच आहे."

झालं. शेगड्या बंद करायला लावल्या. मोबाइल कुणी काढायचा नाही म्हणून बजावलं. काकूंच्या फोटोपुढचा दिवा मी स्वतः विझवला. काका नुसते बघत राहिले.

मग वर गेलो. पहिल्या मजल्यावर जोशी वहिनींनी दार उघडलं आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "अगंबाई, इथेही येतोय की." दुसऱ्या मजल्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. मी जाईन तिथे वास. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, तीन जिने चढत नाही, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. तेव्हा नाही आठवलं. अख्खी बिल्डिंग रस्त्यावर काढली. पंगतीतली माणसं खिरीचे हात तसेच धरून उन्हात उभी. आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं ऐकत होतं.

एजन्सीचा फिटर मीटर घेऊन आला. शेगड्या, सिलिंडर, चारही मजले तपासले. मीटर गप्पच. खाली येऊन तो माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने नाक आक्रसलं.

"सायेब, जरा त्या लिंबाखाली जाता का?"

गेलो.

"आता येतोय का वास?" त्याने लोकांना विचारलं.

"नाही."

"सायेब, या परत."

आलो.

"आला," कुसुमआत्या म्हणाली.

माझे वडील खाली बघत जिना चढून घरात गेले. लोक पुन्हा पानांवर बसले. अन्न गार झालं होतं. काकांनी दिवा परत लावायला घेतला; तिसऱ्या काडीला लागला. मला कुणी जा म्हणालं नाही की ये म्हणालं नाही, म्हणून मी परत लिंबाखाली जाऊन उभा राहिलो.

शेवटी काकाच द्रोणात खीर घेऊन आले. चार हात लांब थांबले, उपरणं नाकाला लावलं आणि द्रोण लिंबाच्या कट्ट्यावर ठेवला.

"प्लँटवर तुला काम काय दिलंय रे?"

"सध्या ट्रेनिंग आहे, काका," मी म्हणालो. "गळती ओळखायचं."