पोत्यांखालची वेळ

दादा गेल्याच्या चौथ्या दिवशी वहिनीने मला विचारलं, "भाऊजी, तुमीच सांगलं होतं ना, जड वस्तूपाशी टाइम हळू चालते? मंग पोत्यांखाली त्यायले कमीच वेळ वाटला असन?"

मी भौतिकशास्त्र शिकवतो. विज्ञान दिनाला मुर्री गावच्या बुद्धविहारात मी हेच सांगितलं होतं. वस्तुमान जितकं मोठं आणि आपण त्याच्या जितके जवळ, तितकं आपलं घड्याळ हळू चालतं; गच्चीवरच्या घड्याळापेक्षा जमिनीवरचं कणभर मागे राहतं. माझ्याआधी प्रमुख पाहुणे तासभर बोलले होते, त्यामुळे वजनदार माणसाजवळ काळ मंदावतो हे श्रोत्यांना आधीच पटलं होतं. दादा पहिल्या रांगेत बसून चुकीच्या जागी टाळ्या वाजवत होता.

तो राइस मिलमध्ये हमाल होता. कॉलेजच्या सुट्ट्यांत मीही त्याच्याबरोबर पोती वाहिली आहेत. त्या दुपारी धानाच्या पोत्यांची उंच थप्पी कलली आणि त्याच्यावर आली. फोन आला म्हणून मी धावत पोचलो, तेव्हा तो आतून बोलत होता. "जल्दी करा रे," म्हणाला. मिलमधले सहा हमाल आणि मी, आम्ही सातजण पोती काढायला लागलो.

एक उचललं, पाठीवर घेतलं, चार पावलं नेऊन ठेवलं. दुसरं त्याच्या शेजारी. वरचं आडवं, सांधा बसेल असं. कोणी सांगितलं नव्हतं. त्या हातांना पोतं फेकणं माहीतच नव्हतं. सांडलेलं धान झाडणारी म्हातारी किंचाळली, "फेका ना रे मुडद्यांनो! थप्पी काऊन लावून राहिले?"

तेव्हा कुठे आम्ही पाहिलं. आम्हीच रचलेली कमरेइतकी सरळ थप्पी उभी होती. मग फेकली पोती, पण आतला आवाज तोवर थांबला होता.

वहिनी उत्तराची वाट बघत होती. हो म्हणणं सोपं होतं. पण मिलमधलं सगळं धान एकावर एक रचलं तरी घड्याळात दिसेल एवढा फरक पडत नाही. पडला असता, तरी आतल्या माणसाला तो कळत नाही. त्याचं मिनिट त्याला मिनिटभरच जातं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "दादाले पुरा वेळ गेला. आमी थप्पी लावून राहिलो होतो. मीबी."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"किती थर झाल्ते?"

"पाच," मी म्हणालो.