सावलीतला समुद्र

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या बसस्टँडसमोर कय्यूम शेखचं माशांचं दुकान आहे. खायच्या नव्हे, बघायच्या माशांचं. हे त्याला अजूनही कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. तळी आणि शेतांतल्या लहान बोड्या माशांनी भरलेल्या या धानाच्या मुलखात न खाता नुसतं बघत बसायला मासा विकत घ्यावा, ही गोष्ट लोकांच्या गळी पुरती उतरलेली नाही. दुकान चालतं ते मोबाईलच्या कव्हरांवर.

या हिवाळ्यात कय्यूमने खाऱ्या पाण्याची टाकी मांडायला घेतली, तेव्हा धंदा वाढवतो आहे असंच सगळे समजले. खरी गोष्ट अशी, की त्याची बायको नाहीद वडील गेल्याचं कळताच रत्नागिरीला गेली होती आणि परत आली नव्हती. भांडण नव्हतं. फोन रोज होता. 'पुढच्या महिन्यात येते,' असं ती म्हणायची, आणि महिना संपला की पुढचा महिना पुढे सरकायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कुणाच्या शाळेचं निमित्त सांगून तिला बोलावण्याचीही सोय नव्हती.

हे लग्न ट्रकवर असलेल्या एका मामाने जमवलेलं. नाहीद रत्नागिरीच्या बंदरावरच्या मिरकरवाड्यातली. ती घरी कोकणी बोलायची, हा हिंदी. दोघांचं जमलं ते मराठीत, तेही दोन वेगवेगळ्या मराठीत. इतक्या वर्षांत तिने सावलीबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त एका उन्हाळ्यात अंगणात बसून म्हणाली होती, 'इथली हवा कुठूनच येत नाही.' ते वाक्य कय्यूमने तेव्हापासून सांभाळून ठेवलं होतं. आता त्याला वाटलं, हवा आणणं आपल्या हातात नाही, पण समुद्राचं काहीतरी करता येईल. तिला मात्र सांगितलं एवढंच, की दुकानात नवीन टाकी लावतो आहे. तू यावीस यासाठी, असं सांगितलं असतं तर तिने सरळ उत्तर दिलं असतं, आणि सरळ उत्तराचीच त्याला धास्ती होती.

नागपूरला अश्वजित रामटेके नावाचे एक बँक अधिकारी घरात अशी टाकी बाळगून आहेत. कय्यूम त्यांच्याकडे गेला. त्यांनी सांगितलं, मासे शेवटी. आधी दगड, मग रेती. दगड जिवंत पाहिजे. म्हणजे दगडात जीव नसतो, पण त्याच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारी वस्ती असते, आणि पाणी तीच साफ ठेवते. समुद्रातलं पोवळं उचलून आणायचं नाही. वन्यजीवांच्या कायद्याने त्याला वाघाच्या पंगतीला बसवलं आहे. वाघाचा कायदा सावलीत लहान पोरालाही पाठ आहे. तोच दगडालाही लागतो हे ऐकून कय्यूम जरा अदबीने उभा राहिला. रामटेक्यांचे दगड त्यांनी स्वतः ओतलेले होते, आणि वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहून जिवंत झालेले. सिमेंट चंद्रपूरचंच.

निवड कशी करायची, तर हातात हलका लागला पाहिजे, भोकं आरपार पाहिजेत, आणि वास घ्यायचा. समुद्राचा आला तर घ्या, सडका आला तर ठेवून द्या. कय्यूमने एकेक दगड नाकाशी धरला. समुद्र त्याने काय तो लग्नातच पाहिला होता, आणि तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. त्याने रामटेक्यांच्या चेहऱ्याकडे बघून दगड निवडले.

त्यांनीच दिलेली रेतीची पिशवी ओली होती, पांढरीशुभ्र रेती, तीही जिवंत. घरी येऊन त्याने ती घमेल्यात ओतली आणि बोअरच्या पाण्याने धुतली. पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा, अगदी मन लावून. वैनगंगेची रेती धुतल्याशिवाय टाकीत घालायची नाही, हा धडा तो प्रत्येक गिऱ्हाइकाला देत आला होता. संध्याकाळी त्याने हे कौतुकाने रामटेक्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "कय्यूमभाऊ, तुमी पिशवीभर गाव नालीत सोडून दिलं."

उपाय एकच होता. दगडातली वस्ती हळूहळू रेतीत उतरेल, तोवर थांबायचं. मासा एकही घालायचा नाही. म्हणून दुकानात दर्शनी भागात निळ्या उजेडाची, खळखळ पाण्याची, दगडांची आणि रेतीची एक टाकी उभी राहिली, जिच्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. सूरजागडच्या खाणीतलं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकवरचा नथ्थू चहा प्यायला थांबला की ती निरखायचा.

"मासे कुठी आहेत?"

"यायचे आहेत."

"अन् हे दगड इकत आणले? आमी तिकडून दगड भरभरून नेऊन राह्यलो, एखादा टाकला असता ना इथी."

"हा जिवंत आहे, नथ्थूभाऊ."

नथ्थूने टाकीला नाक लावून पाहिलं. "मंग याले खायले काय देता?"

प्रश्न अगदीच चुकीचाही नव्हता.

एका दुपारी त्याने नाहीदला व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली. आधी ती हसली. रवा कशाला टाकलात, म्हणाली. समुद्राची रेती आहे, असं त्याने सांगितल्यावर म्हणाली, आमच्या मांडवीच्या किनाऱ्यावरची काळी असते. कय्यूमने लगेच रामटेक्यांना विचारून घेतलं. काळ्या रेतीत लोखंड असतं, काच पुसायच्या चुंबकाला ती चिकटते, काचेवर ओरखडे पडतात. आणि किनाऱ्यावरची रेती उचलायचीही नसते. त्याने हे सगळं नाहीदला दुसऱ्या दिवशी सविस्तर सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, वास येतो का?

त्याने टाकीवर वाकून खोल श्वास घेतला. "सुक्या झिंग्याची गोणी भिजली ना, तसा येते."

ती हसली, आणि मध्येच थांबली.

"हे कोणासाठी केलंत?"

"तू येशील म्हणून."

"मी समुद्रासाठी राहिले नाही हो. अम्मी एकटी आहे. ती इथून हलणार नाही, आणि तिला टाकून मी हलणार नाही. कधीपासून सांगायचं होतं. तुम्ही दर वेळी दगडाचं काढायचात."

कय्यूमने पंपाचं बटण बंद केलं, तिचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.

"मंग मी येऊ काय?"

पलीकडे कुणीतरी भांडी आवरत होतं. बहुतेक अम्मीच.

"या," नाहीद म्हणाली. "रेती नका आणू."

दुकानाच्या किल्ल्या त्याने मोठ्या बहिणीकडे, रशिदा आपाकडे दिल्या. गोड्या पाण्यातले मासे कुणीही सांभाळतं. दगड मात्र ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तो नागपूरला घेऊन गेला. रामटेक्यांनी ते एकेक करून आपल्या टाकीत परत ठेवले, आपल्या पोरींना सासरहून माहेरी आणल्यासारखे. किती दिवस ठेवायचे, असं त्यांनी विचारलं.

कय्यूमच्या तेव्हा ध्यानात आलं, की किती दिवस हे आपण नाहीदला विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. फोन खिशातच होता, रत्नागिरीच्या गाडीला वेळ होता. त्याने तो बाहेर काढला नाही. पाहू, म्हणाला.