पडद्याकडे पाठ

गावंडे सर सिनेमाला यायचे तेव्हा पडद्याकडे पाठ करून बसायचे. कारंजातल्या आमच्या टॉकीजमध्ये पहिल्या रांगेच्याही पुढे, पडद्याखालच्या भिंतीला टेकवून ते एक घडीची खुर्ची टाकत आणि तीन तास आमच्याकडे बघत. हिरो मार खायचा, हिरॉईन रडायची, आणि सरांच्या चष्म्याच्या काचांत आमचे उजळलेले चेहरे हलायचे. नवख्या माणसाला वाटायचं, खिसेकापू पकडायला पोलीस बसलाय. टॉकीजचा मॅनेजर दर वेळी कपाळाला हात लावायचा. "सर, तिकीट पडद्याचं काढता अन् पाहता आमाले?" सर म्हणायचे, "बाप्पा, सिनेमा पडद्यावर नसते. खुर्चीत असते."

मी त्यांची विद्यार्थिनी. सर मराठीचे प्राध्यापक, पण बी.ए.ला माध्यमांचा एक पेपर होता आणि तो कोणालाच शिकवायचा नव्हता म्हणून त्यांच्या गळ्यात पडला, असं कॉलेजात समजत. मला नंतर कळलं की तो त्यांनी मागून घेतला होता. त्या पेपरात त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ते उत्तर माझ्या हाती लागलं आणि मी ते त्यांच्यापासून लपवलं. आज सर नाहीत. त्यांची ओळख करून द्यायची तर ही गोष्ट वगळून देता येत नाही.

त्यांचा तास म्हणजे तमाशाच असायचा. कोपऱ्यात एक जुना टीव्ही. त्यावर जाहिराती लावायच्या आणि आवाज बंद करायचा. धुण्याच्या पावडरची जाहिरात चालू असायची आणि सर वर्गाकडे तोंड करून विचारायचे, "कपडे मळवले कोनं? पोरानं. धुते कोन? माय. हासते कोन? थेच माय. मंग ह्या घरात नाही कोन, सांगा बरं?" एकदा मागच्या बाकावरून मी म्हटलं, "सर, सासू." वर्ग हसून लोटपोट. सर हसले नाहीत. "बराबर. सासू असती तं माय हासली नसती. जाहिरात पाह्यतानी त्यात काय आहे थे पाहू नोका. काय गायब केलं, थे पाहा." बसस्टँडजवळच्या फलकावर बियाण्याच्या जाहिरातीतला पांढराशुभ्र शेतकरी हसत होता. सरांनी अख्खा वर्ग त्याच्यासमोर उभा केला. "याच्या धोतराले चिखल कुठी आहे? हा वावरात गेलाच नाही. हा थेट फोटोत गेला." चहावालाही आमच्यात येऊन उभा राहिला होता.

एक तास मात्र कायमचा माझ्या लक्षात राहिला. एका गाण्यात हिरो बाजारातून हिरॉईनच्या मागे मागे फिरतो, ओढणी धरतो, ती लटकं रागावते. सरांनी चित्र थांबवलं. "कॅमेरा कोनाच्या खांद्यावर बसला?" पोरं ओरडली, "हिरोच्या!" सर म्हणाले, "अन् तुमी?" मग त्यांनी आम्हा मुलींना विचारलं, "अन् तुमी पोरी? तुमी बी हिरोच्याच खांद्यावर बसून सोताले पाहून राह्यल्या काय?" मी रोज कामरगावहून बसने यायची आणि मागच्या सीटवरची पोरं तेच गाणं गुणगुणायची. त्या दिवशी घरी जाताना मी पहिल्यांदा मागे वळून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. गाणं बंद झालं. सिद्धांताचा एवढा रोकडा उपयोग मला नंतर कधी झाला नाही.

पण दरवर्षी एका आठवड्यात सर निराळेच व्हायचे. त्या आठवड्यात ते दोन सिद्धांत शिकवत. पहिला सुईचा. जाहिरात इंजेक्शनसारखी टोचते, ऐकणाऱ्याचं काही चालत नाही. दुसरा जागत्या प्रेक्षकाचा. माणूस दगड नाही, तो ऐकतो, तोलतो, आपला अर्थ आपण काढतो. सर वर्गाचे दोन भाग करायचे आणि भांडण लावून द्यायचे. स्वतः खुर्ची आमच्याकडे वळवून एकेकाचा चेहरा बघत. सुईवाले जिंकायला लागले की त्यांचा चेहरा उतरायचा. दुसरी बाजू वरचढ झाली की ते उगाच खिसे चाचपत आणि म्हणत, "म्हंजे ऐकनाऱ्याची बी काही जबाबदारी असते. आँ? असते ना?" असं ते आम्हा विशी न गाठलेल्या पोरापोरींना विचारत. त्यानंतर पुस्तकात तिसरा सिद्धांत होता, दोन टप्प्यांचा. तो सर दरवर्षी गाळायचे. "हा परीक्षेत येत नाही." आमच्या वर्षी तो नेमका आला, दहा मार्कांना, आणि आम्ही आठवडाभर सरांच्या नावानं खडे फोडले.

त्या भांडणामागची गोष्ट मला कॉलेजच्या ग्रंथपालांनी सांगितली. सर तरुणपणी याच टॉकीजच्या सिनेमांची जाहिरात रिक्षातून भोंग्यावर करायचे. आवाज असा की बायका पोळ्या टाकायचं सोडून दारात यायच्या. तो ऐकून एका फिरत्या औषधवाल्यानं काविळीच्या काढ्याची जाहिरात त्यांच्या आवाजात कॅसेटवर भरून घेतली. शब्दही सरांचेच. "पिवळे डोळे, पिवळं अंग, सात दिवसांत बदलेल रंग. दवाखान्याची पायरी कशाला चढता?" ती कॅसेट जीपवरून गावोगाव वाजली. सरांची धाकटी बहीण सुमन, लग्न होऊन नुकतीच सासरी गेलेली, तिला कावीळ झाली होती. ती दवाखान्यात गेली नाही. तिनं तो काढा घेतला आणि ती गेली.

"सरांचं एकच म्हणनं आहे," ग्रंथपाल म्हणाले, "का तिनं आवाज वळखला नसन. भोंग्यातून सारे आवाज सारखेच. तेवढ्यावरच जगून राह्यला हा मानूस."

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. गावात जायचं, जुन्या माणसांना विचारायचं की कोणती जाहिरात आठवते आणि ती ऐकून तुम्ही काय केलंत. सरांनी गावं वाटली. मी म्हटलं, मी माझ्या कामरगावातच करते. "कामरगाव सोडून," सर चटकन म्हणाले. "तू धनजले जाय." मी हो म्हटलं आणि आळस केला. धनजला कोण जातं, आपल्याच गल्लीत चार म्हाताऱ्या गाठू आणि वर धनज लिहून टाकू. त्या आळसाची मला आजही लाज वाटते.

आमच्या शेजारच्या वच्छीमावशीनं पहिलं नाव तेच घेतलं. तुरीचे खडे वेचता वेचता ती म्हणाली, "जाहिरात? अवो, काढ्याची!" आणि बोळक्या तोंडानं म्हणून दाखवलं, "पिवळे डोळे, पिवळं अंग..." म्हणताना शेवटचा शब्द वर उचलायची तिची लकब थेट सरांची होती. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू होतं.

"मायी सखी होती सुमन, पलीकडच्या घरची सून," मावशी म्हणाली. "अमरावतीच्या दवाखान्यात जायचं ठरलं होतं. पिशवी भरून ठेवलती. तेवढ्यात जीप आली. सुमननं पिशवी खाली ठेवली. म्हने, वच्छे, हा तं माह्या भावाचा आवाज! म्या म्हनलं, चाल, येडी झाली काय. म्हने, कितीबी बदलवून बोलला तरी मले कळत नाही काय? लहानपनी रांजनात तोंड घालून असाच बोले. अन् काय खुशी झाली तिले! साऱ्या गल्लीले सांगत सुटली, का भोंग्यावर माहा भाऊ आहे. म्या म्हनलं, तरी दवाखान्यात जाय. तं म्हने, थो मले खोटं कायले सांगन?"

मावशीनं सूप खाली ठेवलं.

"मातीले आलता थो. समद्या गल्लीले माईत होतं. कोनं सांगाव त्याले? कोनीच सांगतलं नाही. तू बी सांगू नोको."

अशी अख्खी गल्ली पस्तीस वर्षं गप्प होती आणि आता मीही त्या गल्लीत सामील झाले. रेकॉर्डिंग बंद केलं. प्रकल्पात वच्छीमावशीचं पान लिहिलं आणि काढून टाकलं. मुखपृष्ठावर लिहिलं, गाव धनज.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सर टीव्हीला पाठ करून, खुर्ची माझ्याकडे वळवून बसले होते. प्रकल्प त्यांनी उघडलासुद्धा नाही. "धनजले कोनाच्या घरी गेलती?" मी एक नाव ठोकून दिलं. ते बघत राहिले. "सीमा, तुह्या प्रकल्पात कोन गायब आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही, सर." बाहेर शिपाई सायकल लावत होता, तिचं स्टँड दोनदा घसरलं.

"कामरगावातच केलं ना तू?"

मी होकारार्थी मान हलवली.

"काढ्याची जाहिरात कोनाले आठवते तिथं?"

"एका म्हातारीला. शब्द आठवतात फक्त."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग इतक्या हळू आवाजात विचारलं की तो आवाज कधीकाळी भोंग्यावर वाजला होता हे खरं वाटू नये. "तिनं आवाज वळखला होता काय?" ही 'ती' म्हातारी नव्हती.

"नाही, सर," मी म्हटलं. "भोंग्यातून कोणाचा आवाज आहे ते कुठे कळतं?"

मला वाटलं, मी छान बोलले. आवाज कापला नाही, नजर खाली गेली नाही. पण या माणसानं आयुष्यभर माणसांचे चेहरेच वाचले होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला, पुष्कळ वेळ पाहिला. मग ते उठले आणि दोन्ही हातांनी खुर्ची उचलून फिरवली. मी सरांना पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून बसलेलं पाहिलं. टीव्ही बंद होता. त्या काळ्या काचेत ते स्वतः दिसत होते आणि त्यांच्या मागे दाराशी मी. "बरं झालं सांगतलं," ते काचेकडे बघतच म्हणाले. "जाय आता. बस चुकन."

त्यांनी मला पूर्ण मार्क दिले. त्यानंतर ते टॉकीजला कधी गेले नाहीत. मॅनेजरनं मला दोनदा विचारलं, सर आजारी आहेत काय म्हणून. घडीची खुर्ची त्यानं बरेच दिवस भिंतीशी तशीच ठेवली होती.

गेल्या वर्षी सर वारले. मी आता त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर तोच पेपर शिकवते. तेराव्याला गेले तेव्हा सरांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांचं पाठ्यपुस्तक माझ्या हातात दिलं. "तुमच्याच कामाचं आहे हे." पानोपानी समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं, जाहिरातींची नावं, प्रश्न, कोणा विद्यार्थ्याचं चांगलं उत्तर. एका पानावर "सासू – सीमा" असंही होतं. मी पुस्तक मांडीवर ठेवलं तर ते आपोआप एका पानावर उघडलं. मिटलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच पान. दोन टप्प्यांचा सिद्धांत. त्या पानावर पेन्सिलीची एक रेघही नव्हती, पण कडा हाताच्या घामानं काळ्या झाल्या होत्या. छापील मजकूर एवढाच होता: जाहिरात थेट माणसापर्यंत पोचत नाही, ज्याच्यावर माणसाचा विश्वास असतो, त्याच्या तोंडून ती पोचते.

म्हणजे मी जे उत्तर म्हणून लपवलं, ते सरांना आधीपासून ठाऊक होतं. कोणीतरी नाही म्हणावं, एवढीच त्यांची मागणी होती. मी नाही म्हटलं आणि माझ्या चेहऱ्यानं हो सांगितलं.

तो सिद्धांत मी गाळत नाही. यंदा शिकवत होते तर पहिल्या बाकावरच्या, अनसिंग गावच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, असं कोनासोबत खरंच झालं काय?" मी म्हटलं, "नाही गं, पुस्तकातलं आहे हे." तिनं पेन खाली ठेवलं आणि ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मी फळ्याकडे वळले. लिहायला काहीच नव्हतं, तरी खडू हातात धरून घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिले.